डाव्या बाजूची तिसरी फासळी

36 वर्षं मी टूलरूममध्ये काढली. औंधच्या आयटीआयमधून टूल अँड डाय मेकर होऊन बाहेर पडलो, भोसरीतल्या एका कारखान्यात लागलो आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो. डाय, जिग, फिक्श्चर, गेज, म्हणजे सुटे भाग बनवायची, धरायची आणि तपासायची साधनं. हातात व्हर्नियर, वरच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, समोर ड्रॉइंग. ड्रॉइंगवर 25.00 लिहिलंय आणि खाली अधिक-उणे दोन शतांश दिलेत, तर जॉब तेवढ्यातच बसला पाहिजे. नाही बसला तर स्क्रॅप. लाकडाशी माझा संबंध कानशीच्या मुठीपुरता.

2023 साली निवृत्त झालो आणि त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे हॅलिफॅक्सला दोन महिने राहिलो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांतात आहे हे शहर. एका रविवारी जावई आम्हाला लुनेनबर्गला घेऊन गेले, शंभरेक किलोमीटर असेल. चढावर वसलेलं, रंगीत लाकडी घरांचं छोटं बंदर. 1995 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. धक्क्याला ब्लूनोज-टू उभी होती, शिडाचं जहाज. काळं अंग, दोन उंच डोलकाठ्या, आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत डेकच्या कडेची ती एक रेघ: पुढे चढलेली, मध्ये खाली आलेली, मागे पुन्हा किंचित वर गेलेली. मी आयुष्यभर वक्र केले, पण ते सगळे त्रिज्येत मोजता येणारे. पाचची त्रिज्या, बाराची त्रिज्या, रेडियस गेज लावा आणि उजेड दिसतो का बघा. या रेघेला एक त्रिज्याच नव्हती. दर फुटाला ती बदलत होती, आणि तरी कुठेही मोडत नव्हती. घरची मंडळी पुढे आइस्क्रीम घ्यायला गेली, मी तिथेच उभा होतो.

धक्क्यावरच लाल रंगाच्या इमारतीत मासेमारीचं संग्रहालय आहे. तिथे मूळ ब्लूनोजची सगळी हकिगत कळली. ती 26 मार्च 1921 ला याच गावात, स्मिथ अँड रूलंड यांच्या गोदीतून पाण्यात उतरली. 143 फूट लांब, कॉड मासा पकडणारं स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. मासेमारी हे तिचं रोजचं काम, आणि मच्छीमारांच्या जहाजांची शर्यत हा तिचा मान. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कप्तान अँगस वॉल्टर्स यांनी तिच्यावरून अमेरिकेच्या एल्सी या जहाजाला हरवलं आणि आंतरराष्ट्रीय चषक लुनेनबर्गला आणला. 1937 पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर स्कूनरचं चित्र आहे, ते हिचंच. पुढे 1942 मध्ये ती विकली गेली, मालवाहतुकीला लागली, आणि जानेवारी 1946 मध्ये हैतीजवळ खडकावर चढून फुटली. मी धक्क्यावर पाहिली ती तिची प्रतिकृती, त्याच गोदीने 1963 मध्ये बांधलेली आणि अलीकडे जवळजवळ नव्याने उभी केलेली.

तिचा आराखडा करणारे विल्यम रूए यांच्याबद्दल वाचून मला फार बरं वाटलं. हे गृहस्थ हॅलिफॅक्सचे, घरचा धंदा सोडावॉटर-जिंजर एलचा. जहाजांचे आराखडे काढायला ते पुस्तकं वाचून स्वतःच शिकले. आणि त्यांनी काढलेल्या आराखड्यात बांधताना एक बदल झाला. नाळेकडच्या भागात खलाशी राहतात, तिथे डोक्याला जागा मिळावी म्हणून पुढचा भाग सुमारे 18 इंच उचलला गेला. म्हणजे धक्क्यावर मला खिळवून ठेवलेली रेघ पुढे जिथे चढते, तो चढ कागदावर इतका नव्हताच. त्या दिवशी मला ही नुसती एक माहिती वाटली.

परत निघायच्या आदल्या रात्री लेकीने एक लांबट खोका समोर ठेवला. ब्लूनोजचं लाकडी किट, 1:75 प्रमाणाचं. वर एक दहा सेंटचं नाणं चिकटटेपने लावलेलं. "बाबा, तुम्ही तिकडे तासभर उभे होतात ना, आता घरी जाऊन बांधा," म्हणाली. मी नाणं काढून खिशात टाकलं. खोका बॅगेत साड्यांच्या मध्ये घालून आणला.

चिंचवडला आल्यावर बाल्कनीत जागा केली. स्वयंपाकघराचा ओटा केला तेव्हा उरलेला ग्रॅनाइटचा दीड फुटी तुकडा माळ्यावर होता, तो टेबलावर ठेवला. सरफेस प्लेट इतका तो सपाट नाही, पण पट्टी उभी लावून पाहिली तर या कामाला पुरेल इतका नक्की आहे. खोक्यात काय होतं ते सांगतो, म्हणजे ज्यांनी असं किट कधी उघडलं नाही त्यांना अंदाज येईल. पाच मिलिमीटर जाडीच्या प्लायमध्ये कापलेला कणा, त्याला वरून खाचा. त्या खाचांत आडव्या बसणाऱ्या 13 फासळ्या, प्रत्येकीचा आकार वेगळा. मग लाइमवूडच्या पाच मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड पट्ट्यांचा जुडगा, जहाजाच्या अंगाच्या फळ्या त्या ह्याच, हा पहिला थर. त्यावर चढवायला 0.6 मिलिमीटरच्या पातळ पट्ट्यांचा दुसरा जुडगा. डोलकाठ्यांसाठी गोल काठ्या, पितळी खिळे, तार, दोन रंगांचे दोरे, शिडांसाठी कापड, आणि घडी घातलेले मोठे नकाशे. नकाशा पाहून मला हुरूप आला. नकाशा म्हणजे माझं घर.

कणा ग्रॅनाइटवर ठेवला तर तो एका टोकाला दोन मिलिमीटर उचलला जात होता. कारखान्यात असता तर मी इन्स्पेक्शनचा लाल शेरा मारून परत पाठवला असता. इथे परत कुठे पाठवणार? शेवटी ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसल्या, ग्रॅनाइट आणि एक जाड सनमायकाची फळी यांच्यामध्ये दाबून वर घरातले तिन्ही जाडजूड शब्दकोश ठेवले. दोन दिवसांनी काढला. सरळ. मी तीन वेळा पट्टी लावून पाहिली. लोखंडाची वाकलेली पट्टी अशी सरळ होत नाही, ती हातोडीने किंवा प्रेसने सरळ करावी लागते आणि तरी आतला ताण कुठेतरी राहतो.

फासळ्या बसवायच्या कामात मी रमलो. काटकोन माझ्या हातात आहे. ट्राय स्क्वेअर लावायचा, फेव्हिकॉलचा पातळ हात द्यायचा, दोन बाजूंनी पॅकिंग देऊन रात्रभर सोडायचं. खाच घट्ट असेल तर सपाट कानशीने दोन हात, पुन्हा घालून बघायचं. डेकची खालची प्लायची पाटी गोंद न लावता मधून मधून वर ठेवून बघत होतो, म्हणजे सगळ्या फासळ्यांची वरची कड एका रेघेत येते का ते कळतं. ही पाटी कायमची चिकटवण्याआधी एक काम केलं. जिथे मोठी डोलकाठी कण्यावर टेकणार तिथे कण्याच्या दोन्ही अंगांना लाकडाचे ठोकळे चिकटवले आणि त्यात नाण्यापुरता खळगा कोरला. खरी जहाजं बांधताना डोलकाठीच्या बुडाशी नाणं ठेवायची जुनी चाल आहे. मायक्रोमीटर लावला: नाणं 18.03 मिलिमीटर व्यासाचं, 1.22 जाड. खळगा अगदी नेमका झाला, नाणं बोटाने दाबल्यावर हलकेच आत बसलं. ब्लूनोजच्या पोटात ब्लूनोज. मग वर पाटी चिकटवली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं, आणि इथेच मी चुकलो.

किटसोबतच्या पुस्तिकेत एक वाक्य होतं: फळ्या लावण्यापूर्वी फासळ्यांच्या कडांना उतार द्या. किती, कुठे, कसा, काही नाही. एका वाक्यात संपवावं इतकं हे काम लहान नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असणारच, म्हणून मला त्या वाक्याचा अजून राग आहे. पण वाक्य होतं हे खरं, आणि मी ते वाचलं होतं. मी काय विचार केला, तर हा भाग लेझरने कापून आलाय, नकाशाप्रमाणे आहे. नकाशाप्रमाणे आलेल्या पार्टला कानस लावायची नाही, हे माझ्या अंगात भिनलेलं. ज्याने कानस लावली त्याने साइज घालवली.

आता समजतं ते असं आहे. जहाजाच्या मध्यावर फळी कण्याला समांतर धावते, तिथे फासळीची चौकोनी कड चालते. नाळेकडे जहाज आत वळतं, फळी तिरकी येते. फासळीची कड चौकोनीच ठेवली तर चार मिलिमीटर जाडीपैकी फक्त एक कोपरा फळीला टेकतो, बाकी हवेत. गोंदाला धरायला जागाच राहत नाही, आणि तो कोपरा फळीला बाहेर ढकलतो. मागच्या बाजूला हेच उलट दिशेने. त्यात डाव्या बाजूची तिसरी फासळी खाचेत पूर्ण उतरली नव्हती, तळाला गोंदाचा थेंब वाळून राहिला होता. पाऊण मिलिमीटर बाहेर असेल.

पहिल्या पाच फळ्या लावेपर्यंत डोळ्यांना काही दिसलं नाही. सहावीचे चिमटे काढले आणि सवयीने अंगठा नाळेपासून मागे फिरवला. तिसऱ्या फासळीवर अंगठा चढला आणि उतरला. स्टीलची पट्टी लवचून अंगावर धरली तर दोन्ही बाजूंनी उजेड. तिथे खांदा आला होता. धक्क्यावर जी रेघ कुठे मोडत नव्हती, ती माझ्या हातून मोडली होती.

दोन दिवस मी बाल्कनीत गेलो नाही. हिने विचारलं, "अहो, काय झालं?" मी काही नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी संग्रहालयातले ते 18 इंच आठवले. आराखडा रूए यांचा, पण जहाज बांधलं गेलं ते आत माणूस उभा राहतो की नाही हे बघून. तिथल्या सुतारांनी कागद बाजूला ठेवला असेल असं नाही, पण लाकूड उभं राहिल्यावर लाकडाकडे बघितलं. मी मात्र डोळे कागदावरून उचललेच नव्हते. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. वाळलेला फेव्हिकॉल त्याने मऊ पडतो. कानातल्या कापसाच्या काडीने सांध्यावर सोडायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पातळ पातं हळूहळू आत सरकवायचं. सहा फळ्या सोडवायला दोन संध्याकाळी गेल्या. दोन तुटल्या, चार शाबूत निघाल्या.

मग उतार दिला. प्लायच्या पट्टीवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून लांब घासणी केली, इतकी लांब की एका वेळी तीन फासळ्यांवर टेकेल. घासायचं, मग एक सुटी पट्टी फासळ्यांवरून नाळेपासून मागेपर्यंत लवचून धरायची आणि वाकून बघायचं. पट्टी प्रत्येक फासळीच्या पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे. कुठे अधांतरी राहिली तर शेजारच्या उंच आहेत, कुठे कोपर काढला तर तीच उंच आहे. पट्टी कधी खोटं बोलत नाही. एक फासळी जास्त घासली गेली, तिच्यावर लाकडाची पातळ कातळी चिकटवून पुन्हा घासली. या कामाला नऊ दिवस लागले. टूलरूममधल्या कुठल्याही कामाइतका जीव मी त्यात ओतला. पहिल्यांदाच किट बांधणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की हे नऊ दिवस वाचवू नका.

त्यानंतर फळ्या. मधल्या फासळीवर डेकपासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी लावून मोजलं: 100 मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या 20 फळ्या. नाळेकडच्या पहिल्या फासळीवर तीच कागदी पट्टी लावली तर 64. म्हणजे वीसच्या वीस फळ्या तिथे नेल्या तर प्रत्येकीला 3.2 मिलिमीटरच जागा. फळी पुढे निमुळती करावी लागते. प्रत्येक फासळीवर वीस खुणा केल्या आणि फळी लावायच्या आधी त्या त्या खुणेवर तिची रुंदी घेऊन रंधा मारला. नकाशावरून एकही माप घेतलं नाही. डावीकडची फळी उजवीकडे चालत नाही हेही लवकरच कळलं. दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात, पण माझ्या हाताने त्या केसभर वेगळ्या झाल्याच होत्या.

एक गोष्ट मात्र जुनी कामाला आली. वेल्डिंग करताना एकाच बाजूला टाके मारत गेलं की जॉब ओढला जातो, म्हणून समोरासमोर आलटून पालटून मारतात. फळ्यांचंही तसंच. एक डावीकडे, लगेच तिच्यासमोरची उजवीकडे. कणा शेवटपर्यंत सरळ राहिला.

नाळेजवळ फळी नुसती आत वळत नाही, ती पिळतेही. आडवी ती सहज वाकते, पण कडेवर उभी वाकवायला गेलं की पलीकडची कड उचकते. कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवायची, मग जुन्या इस्त्रीच्या टोकाला धरून हळूहळू वळण द्यायचं. मी उत्साहात ओलीच फळी चिकटवली आणि चिमटे लावून झोपलो. अशा चार जोड्या केल्या. चार दिवसांनी बघतो तर फळ्यांच्या मध्ये फटी. फट मोजायच्या फीलर गेजचं 0.2 मिलिमीटरचं पातं आरपार गेलं. लावताना तिथे केसही गेला नसता! लोखंड तापलं की सगळीकडून वाढतं. लाकूड पाणी पिऊन फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. वाळल्यावर रुंदी परत गेली आणि फट राहिली. तेव्हापासून फळी भिजवून, वाकवून, जागेवर चिमट्यात धरून रात्रभर वाळवायची, आणि दुसऱ्या दिवशी मग गोंद. प्रत्येक फळीला दोन दिवस. पावसाळ्यात तीन.

मागच्या बाजूचं कोडं मात्र माझ्याच्याने सुटेना. तिथे उलट होतं, जागा जास्त आणि फळ्या कमी. सुकाणूच्या खांबाजवळ खालच्या फळ्या पंख्यासारख्या पसरायला लागल्या आणि दोन फळ्यांत लांबट त्रिकोण उघडा पडला. पुढे नाळेजवळ काही फळ्या निमुळत्या करून करून अडीच मिलिमीटरच्या खाली जायला लागल्या, इतकं बारीक टोक खिळा मारला की फाटतं. मी जहाज मांडीवर घेऊन बसलो होतो. ही पंचवीस वर्षं सोसायटीतल्या बायकांचे ब्लाउज शिवतेय. चहा ठेवायला आली, कप तसाच हातात धरून वाकून बघत राहिली.

"अहो, हे ब्लाउजसारखंच आहे की," म्हणाली. "सपाट कापड गोल अंगावर बसवायचं म्हणजे असंच होतं. इथे कापड जास्त झालंय ना, इथे टक्स घ्या. दोनाची एक करा. आणि मागे कमी पडतंय तिथे कळी घाला."

मी विचारलं, कळी म्हणजे नेमकं काय करायचं? तिने कपाटातून तिच्या माहेरचा एक जुना सदरा आणला, काखेखालची कळी उलटी करून दाखवली. अंगाला हात वर करता यावा म्हणून तिथे वेगळा तुकडा जोडलेला असतो, आणि त्याची टोकं शिवणीत अशी विरतात की बाहेरून कळत नाही. मी पट्टीचा तसाच तुकडा कापला, एका बाजूला टोकदार. टोक अगदी धारेसारखं ठेवलं नाही, दोन मिलिमीटरवर बोथट केलं आणि शेजारच्या फळीत तेवढीच खाच घेतली. बसला. पुढे नाळेजवळ दोन फळ्यांच्या टोकांना एकच रुंद फळी जोडली. नंतर वाचताना कळलं की जहाज बांधणारे शेकडो वर्षं हेच करत आलेत, इंग्रजीत कळीला स्टीलर म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव कळीच. डाव्या बाजूला दोन कळ्या आहेत, उजवीकडे दोन.

पहिला थर पुरा व्हायला पाच महिने लागले. घासताना निघालेला भुसा टाकला नाही, फेव्हिकॉलमध्ये कालवून त्याच फटींत भरला. आधी 80, मग 120, मग 240 चा पेपर. दुसरा पातळ थर त्यामानाने लवकर झाला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डेकच्या पट्ट्या लावताना प्रत्येकीच्या कडेवर मऊ पेन्सिल ओढली, म्हणजे दोन फळ्यांमधल्या डांबराची काळी रेघ दिसते.

पाण्याची रेघ मारायचा दिवस माझा होता. वर काळा, खाली लाल, आणि मधली रेघ जहाजाच्या वळणावळणाच्या अंगावर तंतोतंत एका पातळीत आली पाहिजे. हाताने ती कुणालाच मारता येत नाही. जहाज ग्रॅनाइटवर नीट पातळीत टेकवलं, जुन्या बाजारातून आणलेल्या सरफेस गेजच्या, म्हणजे ठरावीक उंचीवर रेघ आखायच्या साधनाच्या, सुईच्या जागी पेन्सिल बांधली आणि ती उंची कायम ठेवून गेज जहाजाभोवती फिरवला. मागून सुरुवात केली, नाळेला वळसा घातला, दुसऱ्या बाजूने परत आलो. रेघेचं शेवटचं टोक सुरुवातीच्या टोकाला बरोबर मिळालं. हिला हाक मारून दाखवलं.

डोलकाठ्या ड्रिलच्या चकमध्ये धरून, पॉलिश पेपर मुठीत पकडून वर निमुळत्या केल्या. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला हे काम म्हणजे विश्रांती. मोठी डोलकाठी डेकच्या भोकातून खाली सोडली तेव्हा शेवटी आतून टक् असा बारीक आवाज आला. नाण्याचा. पाटी चिकटवल्याला तोवर सात महिने झाले होते, मी विसरलो नव्हतो, तरी तो आवाज ऐकून हात थांबला. त्याच रात्री लेकीला व्हिडिओ कॉल लावला, काठी काढली आणि पुन्हा सोडली. तिने तो आवाज तिकडे ऐकला.

दोरकामाला मी घाबरत होतो, कारण दोरा माझ्या हातातला नाही. किटमधल्या दोऱ्याला बारीक कुसं होतं. खऱ्या जहाजावर तेवढ्या जाडीचं कुसं म्हणजे बोटभर केस. हिने सांगितलं, मधमाश्यांच्या मेणाच्या वडीवरून दोनदा ओढा, मग चिमटीतून सरकवा. मेणबत्तीचं मेण नको, ते खपल्या होऊन पडतं. दोरा लगेच गुळगुळीत आणि वजनदार झाला, सोडला की सरळ लोंबतो. डोलकाठीला दोन बाजूंनी ताणून धरणारे दोर तीन भोकांच्या बारीक लाकडी चकत्यांतून येतात, डेडआय म्हणतात त्यांना. वरची आणि खालची चकती यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं हवं, म्हणून तारेचा एक छोटा जिग वाकवून घेतला. त्या दोरांवर खलाशांना चढायला आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या असतात. एका शिडीला चार दोर, बावीस पायऱ्या, म्हणजे 88 गाठी. गाठ एकच, क्लोव्ह हिच. घट्ट ओढली की उभे दोर आत खेचले जाऊन शिडीला कंबर पडते, सैल ठेवली की पायरी झोळ घेते. मागे आखणीचा कागद लावून बांधतो. उजेड चांगला असतो तो सकाळी साडेआठपर्यंत, तेवढ्यात चार पायऱ्या होतात.

तिसऱ्या फासळीबद्दल एक सांगायचं राहिलं. उतार देऊन, दोन थर चढवून, घासून, काळा रंग देऊनही डाव्या बाजूला तिथे अंगठा नेला की मला ती जागा कळते. पट्टी लावली तर उजेड दिसत नाही. हिला कळत नाही, शेजारच्या देशपांडे काकांनाही कळली नाही. लेक डिसेंबरमध्ये येणार आहे, तिला मी आधी काही सांगणार नाही. डावी बाजू समोर येईल असंच जहाज मांडणार आहे.

सध्या शिडं चालू आहेत. कापड फार पांढरं होतं, मिठासारखं. काल हिने लिटरभर पाण्यात दोन चमचे चहापूड उकळून गाळली आणि त्यात कापड तासभर बुडवून ठेवलं. शिवण मशीनवर घालायची की हाताने, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मशीनचा टाका या प्रमाणात फार मोठा दिसेल असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर असणार. आत्ता मी हे लिहितोय तेव्हा बाल्कनीत दोरीवर माझा सदरा, तिचे दोन परकर आणि त्यांच्या मध्ये ब्लूनोजचं कापड वाळत घातलंय. वारा आहे, चिमटे लावलेत.